कान्हेरीला बिबट्या दिसला नाही

मूलजवळच्या गावातून, म्हणजे चंद्रपूरकडून, मावसभाऊ बाळूदादा आला होता. चार दिवस राहिला. राणीचा बाग, चौपाटी, गर्दी, घाम. त्यात सांगण्यासारखं काही नाही. शेवटच्या दिवशी मीच हट्टानं त्याला बोरिवलीच्या नॅशनल पार्कात नेलं. सकाळी फुशारकीही मारली, 'आमच्या मुंबईत पन्नासएक बिबटे आहेत, माहितीये?' त्यानं नुसतं 'बरं' म्हटलं.

कान्हेरीला शंभराहून जास्त लेणी. आम्ही सात-आठ पाहिली, आणि चार वाजताच माझं 'चल, अंधार पडायच्या आत निघू' सुरू झालं. फुशारकीतले पन्नास बिबटे आता झाडाझाडामागे दिसत होते.

रस्त्याकडेला काकडी विकणाऱ्या पाड्यावरच्या बाईला दादानं विचारलं, "वाघ लय त्रास देते का हो इकडं?"

"दिसतो कधीमधी," मीठ-मसाला लावत ती म्हणाली. "पोरांना सांजचं एकटं नाय सोडत." बस, एवढंच. २०२२ च्या दिवाळीत पहाटे पार्काला लागून असलेल्या आरे कॉलनीत बिबट्यानं एक तान्ही पोर नेली होती, ते मला आठवलं. मी ते बोललो नाही.

बसमध्ये दादा आपणहून बोलायला लागला. त्यांच्याकडे उन्हाळ्यात पहाटे माणसं मोहफुलं वेचायला रानात जातात, पुढे तेंदूपत्त्याला. वाकून, उकिडवं बसलेलं माणूस वाघाला माणसासारखं दिसतच नाही. "उभ्या माणसावर सहसा येत नाई तो. पण मोहफूल उभ्यानं कसं येचाचं?" त्याच्या गावातली दोन घरं त्यानं बोटांवर मोजली. तिकीट काढून आलेला मी, पाच वाजता बाहेर पडणारा. माझ्या भीतीची मला लाजच वाटली.

दादरला गाडी बदलायची होती. तीन लोकल सोडल्या, दादा चढेचना.

"पटरीवर मरते का रे लोकं?"

"वर्षाला दोन हजारांच्या वर," मी पावसाचा आकडा सांगावा तसं सांगितलं.

"मंग तू दारात काहून उभा राहतं?"

"आत जागा नसते रे."

चौथी लोकल आली, तीही भरलेलीच. दादा कसाबसा माझ्या मागे घुसला आणि डोंबिवली येईपर्यंत त्यानं माझा शर्ट मागून मुठीत घट्ट धरून ठेवला.