अर्धशिशी आणि रोजची बारा मिनिटं

उजव्या डोळ्यामागे ठणका सुरू झाला की आमच्या घरात आधी पडदे ओढले जातात, मग गॅस बंद होतो. मिरचीच्या फोडणीचा वास तेव्हा मला सहन होत नाही, आणि खान्देशात फोडणीवाचून स्वयंपाक कसला! सासूबाई दारातूनच हळू आवाजात विचारतात, “आज बी दुखस का व माय?”

मी भुसावळला राहते, यावल तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. एप्रिलमध्ये सकाळची शाळा सुटल्यावर स्कूटीने तापीचा पूल ओलांडताना पाण्याची चकाकी डोळ्यांत घुसायची आणि घरी पोचेपर्यंत मळमळायला लागायचं. रजा घ्यायला नको म्हणून मी दुखायच्या आधीच गोळी घेऊ लागले. मेडिकलवर चिठ्ठी कुणी मागत नव्हतं.

जळगावच्या न्यूरॉलॉजिस्टनी, म्हणजे मेंदूविकारतज्ज्ञांनी, तपासण्या करून आधी दुसरा आजार नाही ना ते पाहिलं, मग महिनाभर कॅलेंडरवर खुणा करायला सांगितलं. दुखण्याचे दिवस निघाले १९, गोळीचे १६. तीन महिन्यांहून जास्त काळ महिन्यातले १५ किंवा अधिक दिवस डोकं दुखत असेल आणि त्यातले निदान ८ दिवस मायग्रेनचे, म्हणजे अर्धशिशीचे असतील, तर तो क्रॉनिक म्हणजे जुनाट मायग्रेन. त्यात माझ्यासारखी मिश्र, म्हणजे एकाहून जास्त औषधं एकत्र असलेली, वेदनाशामक गोळी महिन्यातून १० किंवा जास्त दिवस घेत राहिलं, की गोळीच डोकेदुखी टिकवून ठेवू शकते. ज्याच्या आधारावर मी नोकरी रेटत होते तेच मला आजारी ठेवत होतं. मी तिथंच रडले.

त्यांनी रात्री घ्यायची प्रतिबंधक गोळी दिली, वेदनाशामकाला आठवड्यातून दोनच दिवसांची मर्यादा घातली आणि जोडीला माइंडफुलनेस सांगितलं, म्हणजे आत्ता अंगात आणि मनात जे जाणवतंय त्याकडे शांतपणे लक्ष देणं. जॉन काबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जुनाट दुखणी असलेल्यांसाठी कार्यक्रम सुरू केला होता, त्याच वळणाचा सराव. इगतपुरीच्या दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराबद्दल मी ऐकून होते, पण शाळा आणि घर सोडून दहा दिवस जाणं मला जमणारं नव्हतं. फोनवर ॲप लावून रोज बारा मिनिटं मात्र जमण्यासारखी होती.

पहिली अडचण फोनचीच. ठणका असताना स्क्रीनचा उजेड सुईसारखा टोचतो. ॲपमधली बाई इंग्रजीत बोलायची. भाषा कळायची, पण त्या अवस्थेत परका आवाज नकोसा व्हायचा. शेवटी बारावीतल्या लेकीने सूचना मराठीत लिहून स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड केल्या. पहिल्यांदा ती भरभर बोलली. “मम्मी, मध्ये किती थांबू?” असं विचारत तिने तीनदा केलं. पायाच्या बोटांपासून सुरुवात, मग पोटऱ्या, पोट, खांदे, जबडा. आता फोन फ्लाइट मोडवर टाकते, उपडा ठेवते आणि अगदी बारीक आवाजात ऐकते.

पहिले दोन आठवडे भयंकर गेले. गोळ्या कमी केल्याने डोकं उलट जास्त दुखायला लागलं. असं होईल, असं डॉक्टरांनी सांगितलेलं होतं म्हणूनच टिकले. ऐकताना निम्म्या वेळा झोप लागायची. सगळ्यात अवघड वाक्य होतं, “आता कानशिलाकडे लक्ष न्या.” जिथून वर्षानुवर्षं पळत होते तिथं मुद्दाम जायचं! पण पाहत राहिल्यावर ठणका एकसारखा नाही हे दिसलं. तो चढतो, थोडा ओसरतो, पुन्हा चढतो. आणि जबडा मी दगडासारखा आवळून धरलेला असे, ते मला तोवर माहीतच नव्हतं. “आता उद्याची शाळा गेली, आता उलटी होणार” हे मनातलं ठणक्याहून वेगळं आहे, हे एकदा कळल्यावर हात लगेच गोळीकडे जाईना.

श्रावणात घरी कानबाई बसली, म्हणजे आमच्या खान्देशातल्या देवीचा उत्सव. जागरण, रोट, घरभर पाहुणे, जेवायला उशीर. माझं डोकं दुखवायला एवढं पुरेसं असतं. रात्री अकराला ठणका लागला. पूर्वी मी घाबरून दोन गोळ्या घेतल्या असत्या. तेव्हा मागच्या खोलीत भिंतीला टेकून रेकॉर्डिंग लावलं. दुखणं गेलं नाही, पहाटेपर्यंत होतं. पण नंतर एकच गोळी घेतली आणि सोमवारी विसर्जनाला चालत गेले. त्या दिवसाचं मला आजही फार अप्रूप वाटतं.

डॉक्टरांनी २०२१ मध्ये ‘जामा इंटर्नल मेडिसिन’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या ८९ रुग्णांच्या अभ्यासाबद्दल सांगितलं. माइंडफुलनेस शिकलेले आणि डोकेदुखीची नुसती माहिती घेतलेले, दोन्ही गटांत दुखण्याचे दिवस कमी झाले, त्यात ठळक फरक नव्हता. पण दुखण्यामुळे कामं अडणं आणि खचणं माइंडफुलनेसवाल्यांचं जास्त कमी झालं. माझ्या बाबतीत हे तंतोतंत पटतं. पाच महिन्यांनी कॅलेंडरवर ११ दिवस आहेत, गोळीचे ५. त्यात रात्रीच्या गोळीचा वाटा मोठा आहे, म्हणून नुसत्या फोनवर विसंबून कुणी औषध सोडू नये. आणि अचानक, कधी नव्हे एवढं डोकं दुखलं, हातपाय लुळे पडले किंवा बोलणं अचानक बोबडं झालं तर सराव करत बसू नका, तडक दवाखाना गाठा.

पुढच्या महिन्यात जळगावला दाखवायचं आहे, रात्रीची गोळी कमी करता येईल का ते विचारायला. कॅलेंडर पर्समध्येच असतं.