तुम्ही विचारलंत म्हणून: पंधरा हजारांची पक्कड

पहिला प्रश्न नेहमी किमतीचा. "पक्कड दोनशेला मिळते, स्क्रूड्रायव्हरचा सेट तीन-चारशेला. तुम्ही पंधरा हजार कशाला घातलेत?" स्टाफरूममध्ये तो गुजरातीत येतो, "बेन, आटला बधा रूपिया आना?" घरी मराठीत येतो. पुण्याहून नणंद आली की तिच्याही तोंडून येतो. दुसरा प्रश्न अलीकडे सुरू झाला आणि तो लोक आवाज खाली घेऊन विचारतात: शाळेत चाकू नेता, ते चालतं? तोंडी सांगायला गेलं की समोरचा मध्येच हसतो, मी चिडते आणि सांगायचं ते राहूनच जातं. म्हणून लिहिते आहे.

मी बडोद्यात एका शाळेत प्रयोगशाळा सहायक आहे. फिजिक्सची लॅब पूर्ण माझ्याकडे, केमिस्ट्रीत मदतीला. माझ्याकडे आहे ते लेदरमन वेव्ह प्लस नावाचं मल्टीटूल. मिटलेलं असताना दहा सेंटिमीटर लांब, वजन २४१ ग्रॅम, आत अठरा अवजारं. उघडलं की मध्ये निमुळत्या तोंडाची पक्कड, बाकीचं सगळं दोन मुठींमध्ये दुमडलेलं.

शाळेत टूलबॉक्स नाही का? आहे. ऑफिसच्या मागच्या खोलीत लोखंडी पेटी आहे, किल्ली शिपाईकाकांकडे असते आणि हवी असते तेव्हा काका नेमके बँकेत गेलेले असतात. ज्यांनी बारावीची प्रॅक्टिकल कधी लावली नाही, त्यांना लॅबचं काम म्हणजे बाटल्या पुसणं वाटतं. ताणलेल्या तारेची कंपनं तपासायच्या सोनोमीटरची तार तुटते ती परीक्षेच्या सकाळीच. तारेचा विद्युतरोध मोजायच्या मीटर ब्रिजच्या पट्टीखालचा स्क्रू गंजून बसतो आणि नायक्रोमची तार निघता निघत नाही. ॲमीटरच्या टर्मिनलचा पितळी नट कुणीतरी जीव खाऊन आवळून ठेवलेला असतो. जोडतारांची टोकं मुलं दातांनी सोलतात, खरंच दातांनी. हे सगळं चालू असताना बाहेरच्या शाळेतून आलेले परीक्षक घड्याळ बघत उभे असतात.

सोनोमीटरची तार बदलून बघा एकदा. पोलादी तार, एक टोक खुंटीला, दुसरं पुलीवरून खाली वजनांना. टोकाला फास करून तो पिळावा लागतो. हातानं पिळायला गेलं की तार उसळते आणि नखाखाली घुसते. पकडीच्या नाकाडात टोक धरायचं, दोन-तीन वेढे द्यायचे आणि उरलेली तार आतल्या खाचेत घालून कापायची. कडक तारेसाठी ती खाच वेगळी दिलेली आहे. साध्या कटरवर पोलादी तार कापली की त्याची धार खचते. या मॉडेलमध्ये कटर स्क्रूनं बसवलेत, झिजले तर तेवढेच बदलता येतात. कंपनीची हमी पंचवीस वर्षांची आहे, माझी नोकरी त्याच्या कितीतरी आधी संपेल. एरियर्सचे पैसे हातात आले तेव्हा मी हे घेतलं. त्याच पैशाची बांगडी केली असती तर एकानंही विचारलं नसतं.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला पूर आला आणि आमच्या तळमजल्याच्या लॅबमध्ये पाणी शिरलं. खालच्या फळ्यांवरचे गॅल्व्हानोमीटर, रेझिस्टन्स बॉक्स सगळे चिखलात. ते गच्चीवर चादरी अंथरून वाळवले. वाळवायचे म्हणजे आधी उघडायचे, आणि त्यांचे मागचे स्क्रू इतके बारीक की मोठं स्क्रूड्रायव्हर त्यांची खाच खाऊन टाकतं. वेव्हमध्ये चष्म्याच्या स्क्रूला चालेल असा छोटा बिट आहे, सगळं त्यानंच उघडलं. जे उघडल्यावर सुधारण्यासारखं होतं ते सुधारलं, बाकीचं भंगारात गेलं.

यातून मी म्हणते आहे की हे सगळं करतं, असं समजू नका. मुठी उघड्या धातूच्या आहेत, इन्सुलेशन नाही, त्यामुळे चालू करंटच्या जवळ मी ते नेत नाही. टेस्टर आणि प्लॅस्टिकच्या मुठीचं स्क्रूड्रायव्हर ड्रॉवरमध्ये वेगळं आहे. काचेची नळी कापायला तिधारी कानसच लागते. घट्ट बोल्टला पाना तो पानाच, पकडीनं त्याचे कोपरे गोल होतात. हे माहीत असूनही मला ते हवं, कारण पेटीतल्या कामांपेक्षा टेबलाशी उभं राहून मिनिटात संपणारी कामं कितीतरी जास्त असतात.

एक गोष्ट या वस्तूच्या जन्माची सांगायला हवी. टिम लेदरमन हा अमेरिकन इंजिनिअर १९७५ मध्ये बायकोला घेऊन जुन्या फियाटमधून युरोप फिरत होता. गाडी सारखी काहीतरी मागायची, स्वस्त हॉटेलांतले नळ गळायचे. खिशात घडीचा चाकू होता, नव्हती ती पक्कड. परतल्यावर तो वर्षानुवर्षं त्यावर खपला, १९८० मध्ये पेटंट मिळालं, कंपनी उभी राहिली १९८३ मध्ये. म्हणजे नुसत्या चाकूनं भागत नाही म्हणून ही वस्तू जन्माला आली. आणि लोकांना तिच्यात दिसतो तो फक्त चाकू.

आता दुसरा प्रश्न.

शाळा सुटायची वेळ. गेटवर नेहमीची गर्दी, रिक्षा, व्हॅन, घ्यायला आलेल्या आयांच्या स्कूटर. मी घरी निघाले होते. अकरावीतली एक मुलगी आईच्या मागे बसली, दप्तर मांडीवर घेतलं आणि ओढणीचं टोक मागच्या चाकाकडे घसरलं. गाडी दहा-पंधरा पावलं गेली असेल. मुलगी एकदम मागे वाकली आणि तिच्या घशातून आवाज आला. आईनं ब्रेक दाबला, पण तोवर ओढणी चाकात गुंडाळली गेली होती. वॉचमन धावला आणि ओढणी चाकातून ओढायला लागला. तो ओढत होता तसा गळ्याशी पीळ घट्ट होत होता. जॉर्जेटचं कापड, पीळ बसल्यावर छडीसारखं कडक झालेलं. गाठ नाही, टोक नाही, सोडवायला सुरुवात कुठून करायची तेच दिसत नव्हतं.

वेव्हची पाती मुठीच्या बाहेरच्या बाजूला असतात. १९९८ मध्ये पहिलं वेव्ह आलं तेव्हापासूनची रचना आहे ही. पक्कड न उघडता, एका हातानं, अंगठ्यानं पातं उघडतं आणि लॉक होतं. दोन पाती आहेत, एक साधं, एक दातेरी. ताणलेल्या जॉर्जेटवरून साधी धार घसरते, म्हणून मी दातेरी उघडलं. डाव्या हाताची दोन बोटं तिची मान आणि कापड यांच्या मध्ये घुसवली, बोटांची नखं तिच्या कातडीला लागत होती ते मला आत्ताही आठवतं. पातं तिच्या पाठीमागे, चाकाच्या बाजूला लावलं, धार माझ्याकडे. दोन हिसके दिले. कापड सुटलं आणि ती रस्त्यावर बसून खोकायला लागली. कानाखालून पुढपर्यंत लाल वळ होता. आईचे दोन्ही हात हँडलवरच होते आणि ती सारखं म्हणत होती, "मने खबर ज ना पडी," मला कळलंच नाही. पातं मिटायला मला फार वेळ लागला. लॉक दाबायला अंगठा ऐकत नव्हता.

हे मी पाहिलं. समोरच्या फुटपाथवरून कुणी बघितलं असेल तर त्याला दिसलं ते असं: शाळेच्या गेटवर एका मुलीच्या मानेशी एक बाई उघडा चाकू घेऊन उभी आहे.

चार दिवसांनी एका पालकाची लेखी तक्रार आली. त्या मुलीच्या आईची नव्हे, दुसऱ्याच कुणाची. शाळेचे कर्मचारी धारदार शस्त्र बाळगतात, असा मजकूर होता. मला ऑफिसमध्ये बोलावलं. टेबलावर ठेवा म्हणाले, ठेवलं. एकेक उघडून दाखवा म्हणाले, दाखवलं. कात्री, कानस, डबा उघडायचं, पट्टी. करवत उघडली तेव्हा एकानं वहीत काहीतरी लिहून घेतलं. मी तयारी करून गेले होते. शस्त्र कायद्याखालच्या नियमांत पात्याची मर्यादा नऊ इंच लांबी आणि दोन इंच रुंदी आहे, माझं पातं तीन इंचसुद्धा नाही, हे मी सांगितलं. सल्फ्युरिक ॲसिडच्या कपाटाची किल्ली तुम्ही मलाच दिली आहे, बायोलॉजीत खोडाचे काप घ्यायला ब्लेड मुलांच्याच हातात देतो, हेही सांगितलं. त्यावर मुख्याध्यापकांनी शांतपणे विचारलं, "ते सगळं कपाटात असतं. हे तुमच्या कमरेला असतं. एखाद्या मुलाच्या हाती लागलं तर?"

त्या दिवशी मला तो प्रश्न अपमानाचा वाटला. आता वाटत नाही. तो बरोबर प्रश्न होता आणि नऊ इंचांचा नियम हे त्याचं उत्तर नव्हतं. मी कधी ते टेबलावर विसरले नाही, असं म्हणता येईल मला. पण विसरेपर्यंत प्रत्येकजण तेच म्हणतो.

दुखलं ते दुसरं. मुलीच्या आईनं चार ओळी लिहून दिल्या तर प्रकरण मिटेल, असं ऑफिसातून सुचवलं गेलं. मी तिला फोन केला. ती गोड बोलली, तब्येत विचारली आणि म्हणाली, "बेन, हवे पती गयुं ने," म्हणजे आता संपलं ना ते. पत्र आलं नाही. मला कळतं की त्या पत्रात तिला काय लिहावं लागलं असतं: गाडी मी चालवत होते, ओढणी मी बघितली नाही. तिनं ते कागदावर का आणावं? कळतं, आणि तरीही राग गेलेला नाही. मुलगी वर्षभर लॅबमध्ये येत राहिली, प्रयोग नीट करायची, माझ्याशी नीट वागायची. त्या दुपारबद्दल एक शब्द आमच्यात झाला नाही. काही मुलं मागून मला "चप्पुवाळां बेन", चाकूवाल्या बाई, म्हणायची, ते मी ऐकलं आहे.

निकाल असा लागला: मल्टीटूल लॅबच्या कुलूपबंद कपाटात ठेवायचं, सकाळी काढताना आणि संध्याकाळी ठेवताना रजिस्टरवर सही, लॅबच्या बाहेर न्यायचं नाही. मी सह्या करते.

जे माझ्या बाजूचे आहेत ते म्हणतात, त्या एका दिवसात पंधरा हजार वसूल झाले. हे मला अजिबात मान्य नाही. त्या दिवशी वॉचमनच्या खोलीत पन्नास रुपयांची कात्री असती तरी काम झालं असतं. आता तिथे कात्री टांगलेली आहे, माझ्याच अर्जावरून, आणि सुटताना ओढणीला गाठ मारायची सूचनाही रोज होते. मला हे वसूल होतं ते सोनोमीटरच्या तारेत, पितळी नटात, चष्म्याचा स्क्रू पडला म्हणून फळा न दिसणाऱ्या मुलाच्या चष्म्यात. कुणाचा जीव वाचवणं हे ते घेण्याचं कारण कधीच नव्हतं, आणि तसं सांगून मला ते गोड करून घ्यायचं नाही.

पण इथेच मी स्वतःच्या तावडीत सापडते. ऑफिसात मी ठासून म्हटलं होतं, पातं हे अठरातलं एक, ते नसतं तरी मी हे घेतलं असतं. नवऱ्यानं ते पकडलं. म्हणाला, मग बिनपात्याचं घे, सगळेच प्रश्न मिटतील. तशी मल्टीटूल निघतात, मी बघितलीही. लॅबमधली रबरी नळी, टेप, खोक्यांच्या दोऱ्या, सगळं आतल्या कात्रीनं होतं. पात्याशिवाय माझं रोजचं एकही काम अडत नाही, हे मी नीट तपासलं. आणि तरी बिनपात्याचं घेतलं नाही. त्या दुपारच्या आधी कुणी सुचवलं असतं तर बहुधा घेतलं असतं. आता माझ्याच्यानं होत नाही. मग मी ऑफिसात सांगितलं ते खरं, की आता करते ते? दोन्ही मनापासूनचं आहे. नवरा याला हट्ट म्हणतो. असेलही.

जूनमध्ये मी नवा अर्ज दिला. लॅब तळमजल्यावर आणि बायोलॉजीची खोली दुसऱ्या मजल्यावर, तिथल्या मायक्रोस्कोपांसाठी ते इमारतीत नेऊ द्यावं, इतकंच मागितलं आहे. अर्जात पात्यांचा उल्लेख करावा की नाही, यावर घरी दोन संध्याकाळी वाद झाला. मी केला आहे, दोन्ही पात्यांची लांबी सेंटिमीटरमध्ये लिहून. उत्तर अजून आलेलं नाही.