३५२ चौरस मिलिमीटर

सीटीच्या पडद्यावर हृदयातल्या झडपेभोवतीची ती कडी मी तिसऱ्यांदा मोजली. क्षेत्रफळ ३५२ चौरस मिलिमीटर, परीघ ६८ मिलिमीटर. आजी सातारा जिल्ह्यातल्या, वय ७९, वजन ४४ किलो. महाधमनीची झडप कॅल्शियम साचून दगड झालेली. देवळाच्या चार पायऱ्या चढल्या की डोळ्यांपुढे अंधारी. छाती उघडणं झेपणार नव्हतं, म्हणून टावी करायचं ठरलं. मांडीच्या धमनीतून कॅथेटरने नवी झडप नेऊन बसवायची.

पण कोणती?

एक फुग्यावरची. कोबाल्ट-क्रोमियमची जाळी फुगा फुगवला की एका दमात उघडते. २००२ साली आलँ क्रिबिए यांनी फ्रान्समधल्या रुआँत माणसाला पहिल्यांदा अशी झडप बसवली, तीही फुग्यानेच. दुसरी नितिनॉल या मिश्रधातूची, आपली आपण उघडणारी. बर्फगार सलाइनमध्ये ती मऊ पडते, मिटून नळीत भरता येते आणि रक्ताच्या उबेने मूळ आकार घेते. आमच्याकडे होती तिच्या पाकळ्या कडीच्या वरच्या अंगाला असतात, त्यामुळे लहान कडीतही रक्ताला वाट मोठी मिळते. या दोन झडपांची तुलना करणाऱ्या, २०२४ मध्ये आलेल्या स्मार्ट चाचणीत ४३० चौरस मिलिमीटर किंवा त्याहून लहान कडीचे ७१६ रुग्ण होते, बहुतेक बायकाच. वर्षभरात मृत्यूच्या प्रमाणात मोठा फरक दिसला नाही. पण झडपेच्या कामात दोष आढळले ते नितिनॉलवाल्यांत ९.४ टक्के आणि फुगेवाल्यांत ४१.६ टक्के. शिवाय आजींच्या कडीखाली कॅल्शियमचा एक खडा आत आलेला होता. तिथे फुगा जोरात फुगवला तर कडी फाटण्याची भीती. ती फाटली तर अशा पेशंटला वाचवणं फार अवघड.

एवढ्यावर निर्णय झाला असता. पण ईसीजीत उजवी बंडल ब्रांच, म्हणजे ठोक्याची वीज नेणारी उजवी शाखा, आधीच बंद होती. नितिनॉलची जाळी बसल्यावरही बाहेरच्या बाजूला रेटत राहते. डावी शाखाही दबली तर ठोका तुटणार आणि कायमचा पेसमेकर लागणार. हा धोका फुग्याच्या झडपेतही आहे, पण कमी.

हे सगळं मी आजींना आणि त्यांच्या मुलाला कागदावर चित्र काढून सांगितलं. मुलाने विचारलं, "पाकळ्या कशाच्या असतात?"

"नितिनॉलवालीत डुकराच्या हृदयावरच्या आवरणाच्या."

"आई माळकरी आहे, डॉक्टर."

"फुग्याच्या झडपेत गाईचं आवरण आहे."

तो गप्प झाला. गाईच्या आवरणाची, आपोआप उघडणारी झडपही मिळते, तेही मी सांगितलं. पण ती आम्ही क्वचितच बसवली होती आणि अशा अवघड कडीत मला सवयीचीच हवी होती. आजी मात्र माझ्याकडे बघत होत्या.

"माज्यासाठी जनावर मारत्यात का रं, लेकरा?"

"नाही आजी. खाण्यासाठी कापलेल्या जनावरांचं घेतात."

त्या बराच वेळ तुळशीचे मणी चाचपत बसल्या. मग म्हणाल्या, "फाटायची भ्या हाय ती नगं. ठोक्याचं यंतर चालंल."

फॉर्मवर अंगठा उमटवताना त्यांचा हात थरथरत नव्हता. असं नेमकं उत्तर मला शिकलेल्या नातेवाइकांकडूनही क्वचित मिळालंय.

सकाळी माळ सिस्टरांनी त्यांच्या मनगटाला गुंडाळली. २६ मिलिमीटरची झडप हळूहळू सोडली. पहिल्यांदा फार खाली गेली, म्हणून परत नळीत ओढून घेतली. दुसऱ्यांदा कडीखाली जेमतेम तीन मिलिमीटर. ग्रेडियंट, म्हणजे झडपेच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक, ५८ वरून ७ वर आला. कुणीतरी "वा!" म्हणालं आणि त्याच क्षणी मॉनिटरवर नुसत्या पी लहरी, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांच्याच लहरी, धावू लागल्या. तात्पुरती पेसिंग वायर आत होतीच, तिने ठोका धरला. मी मात्र श्वास रोखून उभा होतो. दोन दिवस वाट पाहिली. ठोका परतला नाही. तिसऱ्या दिवशी पेसमेकर बसवला.

महिन्याने आजी तपासणीला चालत आल्या. एकोत ग्रेडियंट ८, बाजूने गळती नावापुरती. पेसमेकर तपासताना त्यांनी विचारलं, "त्या यंतरानं किती येळा हात दिला?"

मी आकडा वाचून दाखवला: शंभर ठोक्यांतले ९४.

"आन् झडप?"

"झडप उत्तम आहे, आजी."

त्यांनी मान हलवली आणि पुढची तारीख मुलाला लिहून घ्यायला सांगितली.