एक की नऊ

नोकरभरतीची जाहिरात अकरा पानांची, अर्जाची मुदत दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत. उमेदवार पूर्ण अंध, एनव्हीडीए हा पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारा स्क्रीन रीडर वापरणारा. त्याची तक्रार एवढीच, "सर, हे नुसतं ई-जी-के-जे-के करतंय."

एवढ्यावरून रोग कळतो. कृतीदेव. या फॉन्टमध्ये 'महाराष्ट्र' लिहिलं की 'म'च्या जागी आत इंग्रजी ई असतो, 'ह'च्या जागी जी, कान्याच्या जागी के. तारखेतली तिरकी रेघसुद्धा आत 'ॲट' असते. डोळ्यांना मराठी, फाइलच्या पोटात भलतंच. आणि स्क्रीन रीडर पोटातलं वाचतो. तपासायला एक वाक्य कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवलं तरी पुरतं. पण फाइल चढवणाऱ्याच्या पडद्यावर सगळं छान दिसतं, मग चिकटवून कोण बघतो!

दिव्यांग हक्क नियम, २०१७ मधला मूळ नियम १५ सांगत होता की कागदपत्रं ईपब (ई-पुस्तकाचा फाइल-प्रकार) किंवा ओसीआर केलेल्या, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर बनवलेल्या, पीडीएफमध्ये असावीत. गंमत अशी, की कृतीदेवची पीडीएफ ओसीआरला टाकली तर सॉफ्टवेअर म्हणतं, पानावर मजकूर आहेच. त्याला फसवायला आधी पानांची ३०० डीपीआयची चित्रं करावी लागतात.

पहिली आठ पानं ओसीआर न करता, कृतीदेवचं युनिकोड (स्क्रीन रीडरला कळणारं मराठी) करणाऱ्या कन्व्हर्टरमधून काढली. तिथे दोन जागा हमखास मोडतात. कृतीदेवमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये बरोबर उलटं. 'कर्ता'सारख्या शब्दात रफार कान्याच्याही पुढे असतो, तो दोन घरं मागे न्यावा लागतो. फुकटचे कन्व्हर्टर इथे अडखळतात. शिवाय सगळा मजकूर एकदम टाकला तर ईमेलच्या पत्त्याचंही 'मराठी' होतं. ते पत्ते आधी बाजूला काढून ठेवायचे.

शेवटची तीन पानं स्कॅन. नेमका त्यातच पदांचा तक्ता, कोणतं पद अंध उमेदवारांना चालेल ते सांगणारा. म्हणजे ज्याच्यासाठी रकाना, त्यालाच तो बंद. ही पानं टेसरॅक्ट या ओसीआर सॉफ्टवेअरमधून काढली. 'ध'चा 'घ', 'भ'चा 'म', 'ख'चा 'रव' हे ठरलेलंच. ते दुरुस्त केले, तक्त्यातले जोडलेले कप्पे सोडवले, वरच्या ओळीला शीर्षक-ओळ केलं आणि रात्री साडेनऊला फाइल पाठवली.

दहाला फोन. "सर, खाली एकूण पाच म्हणतंय, पण वरचे मिळून तेरा होतात."

त्याने 'टी' दाबून तक्ता गाठला होता आणि कंट्रोल-ऑल्ट धरून खालच्या बाणाने रकाना उतरत मनात बेरीज केली होती. मूळ पान उघडलं. एका पदापुढे देवनागरी '१' होता. ओसीआरने त्याला इंग्रजी नऊ समजून घेतलं होतं. त्या ओळीवरून माझी नजर दोनदा गेली होती. एक आणि नऊ दिसायला इतके सारखे, की डोळा वाचत नाही, ओळखल्यासारखं करून पुढे जातो. त्याच्या कानाला मात्र तो सरळ 'नऊ'च होता.

वयोमर्यादेच्या रकान्याखाली बेरीज नसते. तो रकाना मग मी पट्टी ठेवून एकेक ओळ मूळ पानाशी ताडून पाहिला. आणखी दोन चुका निघाल्या.