२७० अपडेट: पंचम वितळला

मागच्या अपडेटमध्ये मोठ्या ऐटीत लिहिलं होतं का माझ्या २७०चा (बटनवाला क्रोमॅटिक माउथ ऑर्गन) कोम्ब, म्हणजे आतला भोकांचा लाकडी सांगाडा, सील झाला, हवेची गळती संपली, आता फक्त ब्लूझेट (बेल्जियमच्या टूट्स थिलेमान्सची जाझ धून) बसवायचं. ते शब्द वापस घेतो.

झालं असं का मे महिन्यात एका लग्नाला गेलो आणि २७० बाईकच्या साईड डिकीत राहिलं. दुपारभर गाडी मांडवाबाहेर उन्हात. त्या दिवशी पारा ४५च्या वर, आणि पत्र्याची डिकी म्हणजे भट्टीच. संध्याकाळी डबी उघडली तर कव्हरच्या कडेनं पिवळं काहीतरी ओघळून वाळलेलं. मेण. मीच मार्चमध्ये भरलेलं.

चूक पूर्ण माझी आहे, तुमच्यापैकी दोघांनी तेव्हाच सांगितलं होतं. मधाच्या पोळ्याचं शुद्ध मेण ६२-६४ अंशाला वितळतं, तेवढं कदाचित टिकलंही असतं, पण मी शहाणपणा करून त्यात खोबरेल तेल घातलं होतं, कारण नुसतं मेण कडक होऊन तडकेल असं वाटलं. तेल घातलं का ते आधीच पातळ होतं. लाकडी कोम्बचं आपल्याकडे असंच आहे, दिवसा कोरड्या हवेत आकसतो, रात्री कूलरसमोर ठेवला का फुगतो, म्हणून सील करणं भाग होतं. पण तेल? जाऊ द्या.

सगळी भोकं वाजली, फक्त ६ नंबरचं ड्रॉ (श्वास आत ओढून वाजतं ते) सोडून. तिथला एफ ट्यूनर ॲपवर ३५ सेंट खाली (शंभर सेंट म्हणजे अर्धा सूर). आता मी ब्लूझेट काळी पाचमध्ये, म्हणजे पेटीची पाचवी काळी पट्टी सा धरून, बसवत होतो, आणि काळी पाचमध्ये एफ म्हणजे पंचम. पंचमच उतरला तर उरलं काय?

पहिला अंदाज, रीड (आतली पितळी जीभ) थकलं, मुळाशी तडा गेला असेल. म्हणून एका ऑनलाईन विक्रेत्याकडून रीड मागवलं, बारा दिवसांनी पाकीट आलं तर आत व्हॉल्व्हची पट्टी, रीडच्या फटीवर हवा अडवायला लावतात ती. फोन लावला तर म्हणतो "सर, सेमच असते". सेम नसते हो! इथं पैसे घालवण्याआधी कुणी विचारलं तर मी सांगीन, आधी उघडून पाहा, मग मागवा.

उघडायला अडचण नव्हती. मूळ खिळे मी मागेच काढून चष्मेवाल्याकडचे बारीक स्क्रू लावलेत, आणि हा या वर्षातला माझा सगळ्यात चांगला निर्णय आहे असं अजूनही वाटतं. पण उघडूनही काही दिसेना. रीड चकचकीत, तडा नाही. तीन रात्री भिंग घेऊन बसलो. दिवसा वेळच नाही, सीझन सुरू झालेला, कृषी केंद्रात कपाशीच्या बियाण्यासाठी सकाळी आठपासून लोक उभे.

शेवटी उत्तर आमच्या भजनी मंडळाच्या पेटीवाल्या काकांनी दिलं, तेही न पाहता, चहा पिता पिता. "अबे, सुराच्या शेंड्यावर काही चिकटलं असन. पेटीचा सूर बी तसाच उतरते." पेटीवाले रीडलाच सूर म्हणतात. पेटी काय न माउथ ऑर्गन काय, दोघांच्या पोटात सुटी पितळी जीभच, टोकाला वजन आलं का ती हळू हलते आणि सूर खाली जातो. हे मला पाठ आहे! मी इथेच लिहिलंय! तरी सुचलं नाही.

रात्री टॉर्च तिरपा धरून पाहिलं तर शेंड्यावर खरंच मेणाचा पापुद्रा, पितळेच्याच रंगाचा, समोरून उजेड टाकला का दिसतच नव्हता. मेकॅनिककडून फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) आणलं, त्याची ०.०५ एमएमची पट्टी रीडखाली सरकवली आणि वरून बाभळीच्या काट्यानं खरवडलं. काटा का, तर सुई पितळेवर ओरखडा पाडते, टूथपिक जाड पडते, बाभळीचा काटा बरोबर मधला, आणि बांधावर फुकट मिळतो. ३५ सेंट खाली असलेला सूर आता फक्त ८ सेंट खाली राहिला.

इथं थांबायला पाहिजे होतं. नाही थांबलो. आठ सेंट डोळ्यात खुपत होते, टोकाला जरासं घासलं, आणि सूर गेला १२ सेंट वर. मग मुळाशी घासून खाली आणला. मग पुन्हा वर. रात्रीचे दीड वाजले, मध्ये एकदा लाईन गेली, मोबाईलच्या उजेडात घासतोय. शेवटी २ सेंट वर सोडला. त्या भोकाचा व्हॉल्व्ह नेलपॉलिशनं चिकटवला, आणि ती बाटली जागेवर ठेवायचं विसरलो, त्याचं वेगळं ऐकावं लागलं.

पण खरी गंमत तो पंचम बंद होता तेव्हाची. दोन गोष्टी सापडल्या.

एक, ६ नंबरला ब्लो करून बटन दाबलं का ई अर्धा सूर चढून एफच होतो. हे क्रोमॅटिकवाल्या सगळ्यांना माहीत असतं, मी कधी वापरलं नव्हतं. नाईलाजानं वापरलं तर तो तुकडा, जिथे माझा श्वास दरवेळी उलटासुलटा व्हायचा, एका फुंकेत निघाला. रीड दुरुस्त झाल्यावरही मी तिथे ड्रॉ लावत नाही.

दुसरी जास्त लाजिरवाणी. बाजा उघडा पडलेला म्हणून दुकानात ब्लूझेट शिट्टीवर म्हणत बसायचो. काळी पाचवरून काळी दोन, तिथून काळी एक, तिथून पांढरी सात, ते धुनेचं पट्टी बदलत फिरणं तोंडात बसावं म्हणून. आणि एका दुपारी डोक्यात ट्यूब पेटली का टूट्स थिलेमान्सचं १९६२चं ते गाजलेलं रेकॉर्डिंग मुळात हार्मोनिकावर नाहीच, तो गिटार वाजवतोय आणि सोबत तीच धून शिट्टीवर! मी वर्षभर माउथ ऑर्गनवर जी गोष्ट "ओरिजिनलसारखी" करायला धडपडतोय, ती ओरिजिनलमध्ये शिट्टी आहे.

मग वही काढली आणि जेवढं ऐकलंय ते वाद्याप्रमाणे लिहिलं. १९५३ ते ५९ पियानोवाल्या जॉर्ज शिअरिंगच्या बँडमध्ये, तिथं मुख्यतः गिटार. १९६९च्या 'मिडनाईट काउबॉय' सिनेमात हार्मोनिका, त्याच वर्षी सुरू झालेल्या 'सेसमी स्ट्रीट' या मुलांच्या टीव्ही कार्यक्रमाच्या धूनमध्ये हार्मोनिका, 'ओल्ड स्पाईस'च्या जाहिरातीत शिट्टी. १९७९ला पियानोवाल्या बिल इव्हान्ससोबत 'ॲफिनिटी' हा अल्बम, संगीतकार क्विन्सी जोन्सकडे तर कितीदा. सुरुवात लहानपणी ब्रसेल्समध्ये ॲकॉर्डियननं. १९८१मध्ये स्ट्रोक आला, गिटारवर मर्यादा आली, हार्मोनिका चालूच. २०१४ला थांबला तेव्हा वय ९१, २०१६ला गेला. आपल्याकडे 'शोले'तला माउथ ऑर्गन वाजवणारे भानू गुप्ताही पंचमदांचे गिटारवाले, हे किती जणांना माहीत असतं? वहीत आधी हार्मोनिकाचा एकच कॉलम होता, आता तीन झालेत.

आणि हे लिहिता लिहिताच प्लॅन बदलला. यानंतर 'ॲफिनिटी'तला एक सोलो उतरवणार होतो, ते दिवाळीवर ढकललं. गिटार मला येत नाही. पण पेटीवर डावा हात भात्यावर, उजवा पट्टीवर, तोंड मोकळं! आधी शिट्टी आणि पेटी एकसाथ, मग मधला सोलो २७०वर.

काकांना विचारलं. "देवळात शिट्टी? पागल झाला काय बाप्पा. पेटी घरी ने, पण भजनाच्या आत वापस पायजे."

आणली. ट्यूनर लावला तर पेटीची काळी पाच १५ सेंट वर आहे, आणि शिट्टी आपोआप तिच्या मागे जाते, २७० जात नाही. म्हणजे पेटी आणि २७० एका टेकमध्ये घेता येत नाहीत. काकांच्या सुराला काटा लावायची हिंमत माझ्यात नाही, त्यामुळे २७०च १५ सेंट चढवावं का? ४८ रीड आहेत. कुणी पूर्ण सेट असा चढवला असेल तर किती दिवस लागले ते सांगा.