छापचित्रात गोदावरी उलटी वाहते

नाशिकच्या चित्रप्रदर्शनात गोदाघाट नाही असं सहसा होत नाही. शिवाजी तुपे यांच्यासारख्या चित्रकारांमुळे जलरंगातला घाट नाशिककरांच्या ओळखीचा झाला आहे. त्याच भिंतीवर लिनोकट, म्हणजे लिनोलियमच्या मऊ तुकड्यावर कोरून काढलेलं छापचित्र, लावला की एक चूक हमखास पकडली जाते. बघणारा क्षणभर थांबतो आणि म्हणतो, “नारोशंकराचं देऊळ या बाजूला कसं?”

रामकुंडापाशी गोदावरी दक्षिणेकडे वळते. तिथून खालच्या अंगाला पुलावर उभं राहून प्रवाहाच्या वरच्या बाजूला तोंड केलं, की पंचवटी उजव्या हाताला येते आणि जुनं नाशिक डाव्या. छाप मात्र कोरलेल्या लिनोच्या ठोकळ्याच्या उलट येतो. रेखाटन कार्बन पेपरने लिनोवर सरळ उतरवलं, की छापात पंचवटी डावीकडे जाते. उपाय सोपा आहे. ट्रेसिंग पेपरवर ४बी पेन्सिलीने गडद रेखाटन करायचं, तो कागद पालथा घालून लिनोवर चिकटपट्टीने पक्का करायचा आणि पाठीवरून चमच्याने घासायचं. पेन्सिलीची भुकटी लिनोवर उलटी उमटते, म्हणून छाप सुलटा येतो. कोरायला घेण्याआधी लिनो आरशासमोर धरून बघावा. आरशात घाट बरोबर दिसला तरच हत्यार लावावं. देवळावरची किंवा दुकानावरची पाटी चित्रात असेल, तर हे दोनदा तपासावं.

पावसाळ्यातल्या घाटाची आणखी एक खूण आहे. पाणी घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर आलं, यावरून इथं पुराचा अंदाज बांधतात. म्हणून स्केच करताना मारुती किती बुडालाय ते जागेवरच टिपून ठेवावं, घरी येऊन आठवणीने रंगवू नये. पाणी घोट्याला असताना पायऱ्या दिसतात. ते छातीला आलं की पायऱ्या गेलेल्या असतात आणि पाणी गढूळ, मातकट झालेलं असतं. त्या पाण्याला निळा रंग दिला की सगळं चित्र खोटं वाटतं.

लिनोला खरा न्याय मिळतो तो अंजनेरी आणि ब्रह्मगिरीच्या कड्यांत. काळ्या बेसॉल्टचे आडवे थर, मधूनमधून गवताच्या पट्ट्या. मोठा भाग काळा ठेवून फक्त थरांच्या कडा बारीक व्ही-हत्याराने कोरल्या तरी डोंगर उभा राहतो. नवशिके इथं फार कोरतात आणि कड्याचं वजनच घालवून बसतात. डिसेंबरातल्या थंडीत लिनो कडक होतो, हत्यार घसरतं, कडा तुटतात. दहा मिनिटं उन्हात ठेवला की तो नरम पडतो. हत्याराच्या पुढे दुसरा हात कधीही ठेवू नये.

शाई काचेवर पातळ पसरून रोलर फिरवावा. बारीक चरचर आवाज आला की थर बरोबर आहे. रोलर चिकटून चपचप वाजत असेल, तर शाई जास्त झाली आहे आणि बारीक रेषा बुजणार. छापायचा प्रेस नसेल तर ६० ते ९० जीएसएमचा (चौरस मीटरला इतके ग्रॅम) पातळ कागद घेऊन लाकडी चमच्याने पाठीवरून घासावं. जाड कागदावर हाताने घासून काळा भाग भरीव येत नाही, पांढरे ठिपके राहतात. तेलाची शाई एरवी चार-पाच दिवसांत वाळते, पण श्रावणातल्या दमट हवेत दुप्पट वेळही घेते. उद्‌घाटनाच्या आदल्या आठवड्यात छापलेलं चित्र फ्रेममध्ये घालणं म्हणजे शाई काचेला लावून घेणं.

जलरंगाच्या कागदालाही दमट हवा सोसत नाही. कागदावरचा सरसाचा थर जागोजागी सुटतो आणि तिथं रंग शोषला जाऊन डाग पडतात. आकाशाचा मोठा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग हात, द्यायच्या वेळीच हे कळतं, तेव्हा हातात काही उरत नाही. म्हणून ३०० जीएसएमचा कॉटन कागद प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, सिलिका जेलच्या पुड्यांसह, जमिनीपासून उंच ठेवावा.

फ्रेमवाल्याकडे नुसतं “छान करून द्या” म्हणून चित्र सोडू नये. कागद चारी बाजूंनी चिकटवला तर पावसाळ्यात फुगतो आणि पसरायला जागा नसल्याने लाटा धरतो. तो फक्त वरच्या कडेला, जपानी कागदाच्या दोन पट्ट्यांनी आणि गव्हाच्या खळीने टांगावा. सेलोटेप नको, दोन-तीन वर्षांत ती पिवळी पडते आणि डाग कागदात उतरतो. माउंट, म्हणजे चित्राभोवतीचा जाड पुठ्ठा, ॲसिड-फ्री असावा, नाहीतर त्यात कापलेल्या खिडकीच्या कडेने तपकिरी रेघ येते. माउंटच्या जाडीमुळे चित्र आणि काच यांत फट राहते. ती नसली तर काचेला आतून सुटलेला घाम थेट रंगावर येतो आणि बुरशी धरते. फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना रबराचे ठिपके लावावेत, म्हणजे ओल्या भिंतीपासून ती थोडी सुटी राहते.

छापचित्राच्या खाली पेन्सिलीनेच लिहावं: डावीकडे ३/२० (वीसपैकी तिसरी प्रत), मध्ये चित्राचं नाव, उजवीकडे सही. वीस प्रतींची आवृत्ती ठरवली की एकविसावी काढायची नाही. जलरंगाची स्कॅन करून काढलेली प्रत “छापचित्र” म्हणून विकणं मला मान्य नाही. ती जरूर विकावी, पण शेजारच्या पाटीवर डिजिटल प्रिंट असं स्वच्छ लिहून. हाताने कोरून वीस वेळा शाई लावणाऱ्याशी तिची किंमत जुळवू नये.

टांगताना चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५० सेंटिमीटरवर ठेवावा. दिवा वरून तिरपा, उभ्या रेषेशी ३० अंशांचा कोन करून सोडला तर काचेत बघणाऱ्याचा चेहरा चमकत नाही. समोर खिडकी असेल तर तिथं गडद लिनोकट लावू नये, काळ्या भागात खिडकीच दिसते. उतरवताना फ्रेम तोंडाला तोंड आणि पाठीला पाठ लावून उभ्या रचाव्यात. मागचा हुक दुसऱ्या फ्रेमच्या काचेवर आला, तर टेम्पो पहिल्या खड्ड्यात आदळला की काच जाते आणि तिच्या कपच्या कागदावर ओरखडे पाडतात.