तुम्ही विचारलंत म्हणून: लाल गाडीला हिरवं मडगार्ड का लागत नसे?

डेट्रॉइटजवळ राहतो आणि जन्म मोटारींच्या धंद्यात गेला, त्यामुळे भारतातून आलेले पाहुणे एक प्रश्न हमखास विचारतात. जुन्या कारखान्याच्या फोटोत पुढे लाल गाडी, मागे हिरवी, तिच्यामागे पांढऱ्या टपाची निळी. कम्प्युटर तर नव्हते. मग लाल गाडीला हिरवीचा पार्ट कसा लागत नसे?

प्रश्न चांगला आहे, कारण लोक पट्ट्याचं कौतुक करतात आणि खरी करामत पट्ट्यात नव्हतीच. चालता पट्टा, म्हणजे गाडी माणसापुढून सरकत नेणारी लाइन, फोर्डने 1913 साली डेट्रॉइटजवळच्या हायलँड पार्कच्या कारखान्यात बसवला. एक चासी (गाडीचा खालचा सांगाडा) जोडायला साडेबारा तास लागायचे, ते दीड तासावर आले. पण 1914 ते 1925 त्यांची मॉडेल टी फक्त काळी. सगळ्या गाड्या सारख्या, मग चुकायचं कशात? भानगड सुरू झाली ती गिऱ्हाइकाला निवड दिल्यावर.

1955 ची शेव्हरोले घ्या. सहा सिलिंडरचं इंजिन किंवा नवं आठ सिलिंडरचं व्ही-एट, दोन दारं, चार दारं, कन्व्हर्टिबल, स्टेशन वॅगन, वर दुरंगी रंगांच्या जोड्या. आणि हे सगळं एकाच लाइनवर, मिसळून.

दाराचं उत्तर सोपं आहे. दारं रंगाच्या आधीच बॉडीला टांगलेली असत, त्यामुळे बॉडी ज्या रंगात न्हायली त्याच रंगात दारंही. रंगाआधीचं काम मात्र बघण्यासारखं होतं. पत्र्यांचे मोठे भाग स्पॉट वेल्डिंगने जोडायचे आणि टप व मागच्या पत्र्याच्या सांध्यात वितळलेलं शिसं-कथील भरायचं. ते लाकडी थापीने सारखं करायचं, मग ग्राइंडरने घासायचं. हे करणारे तोंडावर मुखवटा लावून वेगळ्या खोलीत काम करत. शिशाची धूळ फुप्फुसात जाते. त्या गाड्यांच्या गुळगुळीत पाठीचं कौतुक करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं, असं मला फार वाटतं.

मडगार्ड आणि बॉनेट ही खरी डोकेदुखी. बॉडी बनवायची आणि रंगवायची फिशर बॉडीने. पुढचा पत्रा रंगवायचा शेव्हरोलेने. दोन्ही जनरल मोटर्सचेच, पण खाती वेगळी, रंगाच्या भट्ट्या वेगळ्या. तिकडे चासी आपल्या लाइनवर चाललेली. सांगाडा आधी उलटा ठेवायचा, म्हणजे स्प्रिंगा आणि अ‍ॅक्सल वरून बसवता येतात. मग सुलटा करून इंजिन सोडायचं. मग वरून बॉडी अलगद खाली उतरायची, आणि त्यानंतर पुढचा पत्रा. म्हणजे तीन वेगळ्या वाटांनी निघालेल्या वस्तू एकाच मिनिटाला एका जागी पोचायच्या, आणि त्या एकाच गाडीच्या असायला हव्यात. तिथी, वार, मुहूर्त सांभाळणारे गुरुजी होते कागद.

डीलरकडून ऑर्डर आली की शेड्यूलिंगवाले रांग लावत. तीही डोकं लावून: दोन स्टेशन वॅगन शक्यतो पाठोपाठ सोडायच्या नाहीत, कारण त्यांना काम जास्त, दुसरीवर माणूस मागे पडतो आणि पुढच्याच्या अंगावर जातो. बॉडी ठरावीक ठिकाणी पोचली की टेलिप्रिंटरवरून खबर सुटायची: सीटच्या खात्याला, इंजिनच्या, चाकांच्या. प्रत्येक ठिकाणी त्याच क्रमाने कागद बाहेर पडायचा आणि तिथला माणूस त्याच क्रमाने माल लावायचा. त्याने रंग, कापड यांचा विचारच करायचा नाही. कागदावरचे आकडे वाचायचे, पुढच्या आकड्याला वळायचं.

वेळ किती? तासाला साठ गाड्यांची लाइन असेल तर एका माणसाला एक मिनिट. लघवीला जायचं तरी बदली माणूस येईपर्यंत जागा सोडता येत नसे. ज्याला हे नुसतं 'बेशिस्त कामगार, कडक मालक' असं प्रकरण वाटतं त्याने मिशिगनमधल्या फ्लिंट गावातला जनरल मोटर्सच्या कामगारांचा 1936-37 चा संप वाचावा. तिथे लाइनचा वेग ही मोठी तक्रार होती.

त्याच फ्लिंटमध्ये नोव्हेंबर 1954 मध्ये जनरल मोटर्सची पाच कोटीवी गाडी निघाली, सोनेरी रंगाची शेव्हरोले बेल एअर, सोन्याचा मुलामा दिलेल्या पार्टांची. तिच्यात पार्ट चुकला असता तर काय गहजब झाला असता! उलट वर्षभर आधी, 1953 मध्ये, त्याच गावात निघालेल्या शेव्हरोलेच्या स्पोर्ट्स कारच्या, म्हणजे कॉर्व्हेटच्या, पहिल्या 300 गाड्या सगळ्या पांढऱ्या, आतून सगळ्या लाल. नवी गाडी, नवं फायबरग्लास. निवडीचा घोळ तेवढा टाळला. मला ते शहाणपणाचं वाटतं.

आता तुमचा उरलेला प्रश्न: चुका होतच नव्हत्या का? व्हायच्या की. बॉडीचा आणि मडगार्डचा लाल एकमेकांशी जरा न जुळणं तर नेहमीचं. आणि ते कागद. बिल्ड शीट म्हणतात त्याला. काम संपलं की माणसाने ते फेकायचं, पण कुणी सीटच्या स्प्रिंगांत खोचायचं, कुणी पेट्रोलच्या टाकीवर ठेवायचं. आज जुनी गाडी सोडवून बसलेल्यांना ते सापडलं की आनंद गगनात मावत नाही. त्यात मूळ रंग, इंजिन, सगळं असतं. मग ते नंबर ताडून बघतात, आणि कधीकधी लक्षात येतं की शीट दुसऱ्याच गाडीचं आहे.